घरचं सोयाबीन बियाणं: मळणीपासून पेरणीपर्यंत उगवण कशी टिकवायची

2019 च्या ऑक्टोबरात आमच्या लातूर जिल्ह्यातल्या औसा भागात काढणीला आलेलं सोयाबीन पावसात सापडलं. शेंगा भिजायच्या, दोन दिवस ऊन पडलं की वाळायच्या, पुन्हा भिजायच्या. त्यातलंच दिसायला बरं असलेलं साडेतीन क्विंटल आम्ही बियाण्याला ठेवलं. डिसेंबरात गोणपाटात शंभर दाणे टाकून पाहिले तर 74 उगवले. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. ती पोती पुढे थेट जूनमध्ये, तिफणीवरच उघडली. आठव्या दिवशी रानात गेलो तेव्हा तासांत (पेरणीच्या ओळींत) हात-हातभर मोकळ्या जागा होत्या. उरलेल्या पोत्यातले शंभर दाणे मोजून पुन्हा लावले. 46 आले. दुबार पेरणीचं बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं, आणि वर हुकलेला मृगाचा वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल.

2020 च्या त्या खरिपात मराठवाडा-विदर्भात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा ढीग पडला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. विकतचं बियाणं उगवलं नाही तशी घरची बियाणीही अनेकांना दगा देऊन गेली. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो. वाचलेलं, विचारलेलं आणि स्वतःच्या पोत्यांवर करून पाहिलेलं असं सगळं इथे लिहितो आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. साठवणीत बियाण्याची उगवण कधी वाढत नाही. नोव्हेंबरात जी असेल तिथून ती खालीच येणार. ती किती हळू खाली यायची, एवढंच आपल्या हातात असतं. आणि नोव्हेंबरातला तो आकडा गोदामात ठरत नाही, शेतात आणि हडंब्यात, म्हणजे मळणीयंत्रात, ठरतो.

दाणा आतून कसा खचतो

पोत्यातला दाणा निर्जीव नसतो. तो अगदी मंद श्वास घेत असतो, आणि त्या श्वासावर त्याची शिदोरी खर्ची पडते. ओल जितकी जास्त आणि उष्णता जितकी जास्त, तितका हा श्वास जोरात चालतो. सोयाबीनमध्ये साधारण 40 टक्के प्रथिनं आणि 20 टक्के तेल असतं. तेल जसं डब्यात खवट होतं तसं ते दाण्याच्या पेशींतही हळूहळू बिघडतं. पेशींभोवतीची पातळ पापुद्र्यासारखी आवरणं स्निग्ध पदार्थांचीच बनलेली असतात. ती विरली की पेशी गळक्या होतात.

हे गळणं डोळ्यांनी दिसतं. दोन काचेच्या पेल्यांत सारखंच पाणी घ्या. एकात या हंगामाचे चांगले पन्नास दाणे टाका, दुसऱ्यात दोन वर्षं पडून राहिलेले पन्नास. रात्रभर ठेवून सकाळी पाहा. नव्या दाण्यांचं पाणी जवळपास नितळ असतं; जुन्याचं गढूळ, पिवळसर, बोटाला किंचित चिकट लागणारं. पाण्यात उतरलेलं ते सगळं दाण्याच्या आतलं साखर-क्षारांचं अन्न आहे. जमिनीत हेच घडतं. अंकुराला मिळायचं अन्न मातीत झिरपतं आणि त्या वासावर बुरशी येते. मग शेतकरी उकरून बघतो, दाणा कुजलेला सापडतो, आणि तो म्हणतो ‘बुरशीनं खाल्लं’. बुरशीनं खाल्लं हे खरं, पण दाणा त्याआधीच गळका झालेला होता. प्रयोगशाळेत याच गोष्टीवर चाचणी घेतात: दाणे भिजवलेल्या पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतात. जास्त वाहिली, तर दाणा जास्त गळका.

आमची फसगत नेमकी कुठे झाली हेही यावरून कळतं. खचताना दाण्याची उगवण आधी जात नाही, आधी जोम जातो. गोणपाटात ऊब-पाणी-हवा सगळं त्याच्या सोयीचं असतं, म्हणून जोम गेलेला दाणाही तिथे मोड दाखवतो. रानात चार सेंटिमीटर माती डोक्यावर असते, पाऊस पडून वर पापडी धरते, आणि हाच दाणा निम्म्यात मान टाकतो. डिसेंबरातले आमचे 74 दाणे उगवले होते, पण त्यातले कितीतरी उताराला लागलेले होते.

आता सोयाबीनच एवढं नाजूक का? हरभऱ्याचा दाणा हातात घेऊन सोयाबीनशेजारी ठेवा. हरभऱ्याचं टरफल जाड. सोयाबीनचं इतकं पातळ की नखानं निघतं, आणि मूळ ज्यातून फुटतं तो भाग नाभीजवळ, बरोबर त्या पातळ सालीखाली असतो. दाणा कशावरही आपटला की पहिला मार तिथेच बसतो. टपोऱ्या दाण्याच्या वाणांना हा मार आणखी जास्त लागतो.

ओल आणि ऊब: दोन चाव्या

बियाणं किती टिकेल याचा एक जुना आणि सोपा ठोकताळा कॅलिफोर्नियातल्या हॅरिंग्टन या बीजशास्त्रज्ञाने दिला. दाण्यातली ओल 1 टक्क्याने कमी केली की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. साठवणीचं तापमान 5 अंशांनी उतरवलं तरी साधारण दुप्पट होतं. ओलीचा नियम 5 ते 14 टक्क्यांच्या दरम्यान लागू पडतो. दोन्ही नियम ढोबळ आहेत, पण आपल्या कामाला पुरतात.

हिशेब करून पाहा. एका शेतकऱ्याने 13 टक्के ओलीचं सोयाबीन पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं, जिथे मे महिन्यात आत 42 अंश होतं. दुसऱ्याने तेच 10 टक्क्यांपर्यंत वाळवून जुन्या मातीच्या धाब्याच्या घरात ठेवलं, जिथे 32 अंश असतं. ओलीचे तीन टक्के म्हणजे आठपट, उष्णतेचे दहा अंश म्हणजे चौपट. काटेकोर आकडा नको, पण फरक कुठल्या कुठे जातो ते दिसलं. त्यासाठी दुसऱ्याला एक रुपयाही जास्त लागलेला नाही.

जगातल्या मोठ्या बियाणे-बँका याच दोन चाव्या फिरवतात. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक कोषात बियाणं चांगलं सुकवून उणे 18 अंशांवर ठेवतात. इस्राएलमधल्या मसाडा किल्ल्यात सापडलेली सुमारे 2000 वर्षांपूर्वीची खजुराची बी 2005 मध्ये रुजली, कारण ती वाळवंटाच्या कोरड्या हवेत पडून होती. आपलं सोयाबीन आठ महिन्यांत थकतं. त्या आठ महिन्यांत एक मे आणि अर्धा जून येतो.

हवेतली ओल दाण्यात शिरते, हेही पक्कं लक्षात ठेवा. तुम्ही दाणा कितीही वाळवा, उघड्या पोत्यात तो भोवतालच्या हवेशी जुळवून घेतो. हवेत 65 टक्के आर्द्रता असेल तर सोयाबीन 11 टक्क्यांच्या आसपास थांबतं. पावसाळी हवा 80-85 टक्क्यांवर गेली की तेच 15 टक्क्यांच्या पुढे जाऊ लागतं. मराठवाड्यात फेब्रुवारी ते मे हवा कोरडी असते, ही आपली जमेची बाजू. कोकण-गोव्यात तसं नाही. तिथे बारा महिने दमट, म्हणून तिथे हवाबंद भांड्याशिवाय बियाणं टिकवणं कठीण.

पहिलं काम शेतात: बियाण्याचा तुकडा आधीच ठरवा

सगळं सोयाबीन काढून झाल्यावर ‘यातलं चांगलं बियाण्याला काढू’ असं करू नका. पीक फुलात असतानाच अर्धा-एक एकर राखून ठेवा. पाणी साचत नाही असा, सगळीकडे एकसारखा. फुलांचा रंग, खोडा-शेंगांवरची लव, झाडाची उंची पाहून वेगळी झाडं उपटा. सोयाबीन स्वतःच्याच परागावर पिकणारं पीक आहे, म्हणून जेएस 335, एमएयूएस 71, एमएयूएस 162, फुले संगम यांसारख्या सरळ वाणांचं बियाणं दोन-तीन वर्षं घरचं वापरता येतं. संकरित मका किंवा बीटी कापसाचं मात्र असं करता येत नाही.

शेंगांचा रंग पालटून पानं गळाली की काढणीत एक दिवसही घालवू नका. दाणा पक्व झाल्यावर झाडावर उभं राहणं हीसुद्धा त्याची साठवणच, आणि तीही सगळ्यात वाईट प्रकारची. प्रत्येक सरीबरोबर दाणा फुगतो, उन्हात आक्रसतो, आणि साल सुरकुतते. अशी सुरकुती पडलेले, तपकिरी किंवा जांभळट डाग पडलेले दाणे बियाण्याला कधीच घेऊ नका. पाऊस लागलाच तर सरळ मान्य करा की या वर्षीचा माल बाजाराचा आहे, बियाण्याचा नाही. आम्ही 2019 मध्ये हेच मान्य केलं नाही.

कापलेल्या सोयाबीनची गंजी लावून ताडपत्री घालतो, तिथेही सावध राहा. ओल्या गंजीत हात घालून पाहा. आत ऊब लागली तर ती गंजी बियाण्याला बाद. दोन-तीन दिवस पसरून वाळू द्या आणि मगच गोळा करा.

मळणी: इथे सर्वांत जास्त नुकसान होतं

हे मी जरा विस्ताराने सांगतो, कारण लोक साठवणीवर बोलतात आणि हडंब्यावर गप्प बसतात.

हडंबावाला एकरावर किंवा पोत्यावर पैसे घेतो. त्याला पुढच्या रानात जायचं असतं, म्हणून तो ड्रम जोरात फिरवतो. बाजाराच्या मालाला ते चालतं. बियाण्याला नाही. दाण्यात 13-14 टक्के ओल असताना मळणी करावी आणि ड्रमचे फेरे मिनिटाला 350 ते 400 च्या आसपास ठेवावेत. दाणा फार वाळून 10 टक्क्यांखाली गेला असेल तर साल ठिसूळ होते आणि डाळ पडते. फार ओला असेल तर चेचला जातो. चेचलेलं वरून दिसत नाही, पण गोणपाटात दिसतं.

आमच्याकडे आता बियाण्याची मळणी सकाळी नऊच्या आत करतो, थोडा दमटपणा असताना. हडंबावाल्याला आधीच सांगतो, “दादा, हे बियाण्याचं आहे. वेग कमी ठेवा, वेळ लागला तर त्याचे पैसे घ्या.” पहिली दोन टोपली बाहेर आली की मशीन थांबवून मूठभर दाणे उचलतो. शंभरात दोन-तीनपेक्षा जास्त फुटके दिसले, तर फेरे आणखी कमी करायला लावतो. अर्धा-पाऊण एकराचंच बियाणं लागत असेल तर काठीने झोडपून मळणी करणं सर्वांत उत्तम. आमच्या आईने ताडपत्रीवर झोडपलेलं एक पोतं आणि हडंब्याचं एक पोतं मी शेजारी ठेवून तपासलं होतं: 89 आणि 77. एकच रान, एकच दिवस.

सालीला मार लागला का हे लगेच कळतं. मळलेल्यातले शंभर धड दिसणारे दाणे पाण्यात टाका आणि पाच-दहा मिनिटं बघत बसा. ज्यांच्या सालीला बारीक तडा आहे ते लगोलग फुगून दुप्पट दिसू लागतात. धड दाणे अजून तसेच असतात. दहापेक्षा जास्त दाणे असे भरभर फुगले तर मशीनचा वेग चुकला आहे. हे दाणे फेकून द्यायचे, पुन्हा पोत्यात नाही टाकायचे.

वाळवणी

मळल्यावर बियाणं ताडपत्रीवर दोन-तीन बोटं जाडीच्या थरात पसरा. सिमेंटच्या अंगणात भर दुपारी नको, फरशी तापून खालचे दाणे भाजतात. सकाळी नऊ ते बारा आणि मग तीननंतर ऊन द्या, दर तासाला हलक्या हाताने पालथं करा. पायाने तुडवत फिरू नका. रात्री गोळा करून झाका, नाहीतर दवात दिवसभराचं काम वाया जातं.

ध्येय: 10 टक्के, जास्तीत जास्त 12. याच्याही खाली 8 टक्क्यांपर्यंत नेलं तर दाणा हाताळताना फुटतो. म्हणून उघड्या पोत्यात ठेवायचं असेल तर 10 वर थांबा.

घरी ओल मोजायची कशी? बाजार समितीत आडत्यांकडे मॉइश्चर मीटर असतं, ज्याला ते ‘हवा बघणं’ म्हणतात. अर्धा किलो नमुना बंद डब्यात नेऊन वाचन घ्या. ते जमत नसेल तर वजनाचा हिशेब आहे. सुरुवातीला एकदा मीटरवर ओल मोजून घ्या आणि 10 किलोची एक पिशवी वेगळी काढून बाकीच्या बियाण्याबरोबरच वाळवा. 14 टक्क्यांचं बियाणं 10 टक्क्यांवर आलं की 10 किलोचे साधारण 9 किलो 550 ग्रॅम उरतात. तेवढं वजन आलं की थांबा.

आणखी एक झटपट तपासणी: काचेच्या कोरड्या बाटलीत चांगलं वाळवलेलं मीठ चमचाभर आणि वर तीन-चार मुठी दाणे टाकून झाकण लावा, हलवून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल 15 टक्क्यांच्या वर आहे. चिकटलं नाही म्हणजे वाळलं असं मात्र समजू नका. दाण्याला दातात धरून ‘कट्ट’ असा स्वच्छ आवाज येतो का, हेही पाहायचं. दाणा दबला तर अजून ऊन हवं.

पोतं आणि जागा

वाळवलेलं बियाणं उन्हातून थेट पोत्यात भरू नका. सावलीत थंड होऊ द्या. गरम दाणा पोत्यात गेला की रात्री आतल्या बाजूला घाम धरतो.

पोती नवी किंवा स्वच्छ धुऊन वाळवलेली घ्या. तागाचा बारदाना उत्तम, श्वास घेतो. खताच्या रिकाम्या पोत्यात बियाणं भरणं ही माझ्या मते सर्वांत मोठी चूक; कितीही झटका, खताचे कण शिवणीत राहतात आणि हवेतली ओल ओढतात. त्याच कारणाने खत, मीठ किंवा औषधांच्या डब्यांबरोबर एका खोलीत बियाणं ठेवू नका.

जमिनीवर पोतं टेकू नये. विटांवर फळ्या किंवा लाकडी चौकट ठेवा, भिंतीपासून हातभर अंतर सोडा. क्विंटलच्या पोत्यांची थप्पी चारपेक्षा उंच करू नका. खालच्या दाण्यांवर वरचं वजन बसतं आणि मधल्या पोत्यांना हवा लागत नाही. पोती हुकाने ओढू नका, ट्रॉलीवरून खाली टाकू नका. मळणीत वाचलेला दाणा इथे फुटतो.

जागा कोणती? पत्र्याचं शेड सोडून काहीही. जुन्या वाड्यातली मातीच्या भिंतीची, उत्तरेकडची खोली मिळाली तर नशीब. स्लॅबचं घर असेल तर वरचा मजला नको, खालची खोली. पोत्यावर चिठ्ठी बांधा: वाण, मळणीची तारीख, ठेवताना ओल, पहिल्या तपासणीचा आकडा. पेनने नाही, पेन्सिलने लिहा. शाई दमट हवेत उडते.

हवाबंद डबे आणि तीन पदरी पिशव्या आता मिळतात. त्या चांगल्या आहेत, पण अट कडक आहे. हवाबंदमध्ये ठेवायचं तर बियाण्याच्या मानकानुसार सोयाबीनची ओल 7 टक्क्यांपर्यंत उतरलेली हवी. 12 टक्क्यांचं बियाणं हवाबंद केलं तर ती ओल आतच कोंडली जाते, आणि पोत्यापेक्षा लवकर मरतं. म्हणून खात्रीने मोजलेलं आणि पुरेसं वाळलेलं थोडकं बियाणं असेल तरच डब्यात भरा.

तीन वेळा शंभर दाणे

एकदा मळणीनंतर, एकदा फेब्रुवारीच्या शेवटी, आणि एकदा मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. शेवटची तपासणी कधीही चुकवू नका.

नमुना घेताना पोत्याच्या वरची मूठ घेऊ नका. वर, मध्ये, तळाला, प्रत्येक पोत्यातून थोडं थोडं घ्या, एकत्र करा, आणि त्यातून डोळे मिटून शंभर-शंभरचे चार गट मोजा. चांगले-वाईट निवडायचं नाही. निवडलंत तर स्वतःलाच फसवाल.

गोणपाट उकळत्या पाण्यातून काढून थंड करा, पिळून घ्या. पाणी ठिबकता कामा नये. दहा ओळींत दहा-दहा दाणे, दोन बोटांचं अंतर ठेवून मांडा. वर दुसरं ओलं गोणपाट, मग सैलसर गुंडाळी, दोन्ही टोकांना सुतळी. सावलीत उभी ठेवा, रोज सकाळ-संध्याकाळ पाण्याचा हलका शिंतोडा. वर्तमानपत्राच्या चार घड्यांतही होतं. पण त्यात पाणी जास्त झालं तर दाणे गुदमरतात.

पाचव्या दिवशी एकदा आणि आठव्या दिवशी शेवटचं मोजा. आणि इथेच सगळे चुकतात: मोड आला की उगवला असं मोजतात. मोजायची ती धडधाकट रोपं. मूळ सरळ आणि लांब, कोंब सरळ, दोन्ही डाळिंब्या (दाण्याची दोन दळं) धड. मूळ खुंटलेलं, टोकाला तपकिरी पडलेलं, एका डाळिंबीला खोल भेग, कोंब गुंडाळलेला असं असेल तर ते उगवणीत धरायचं नाही. गेल्या मे महिन्यात माझ्या पुतण्याने मोजून ‘काका, 81!’ म्हणून सांगितलं. मी गुंडाळी पुन्हा पसरली. त्यातल्या अकरा दाण्यांना नुसता पांढरा ठिपका फुटून थांबलेला होता, मूळ करवंदाच्या काट्याएवढंच. आकडा 70 निघाला. पेरणीचा सगळा हिशेब त्या अकरांवर बदलला.

पाचव्या दिवशी किती आले आणि आठव्या दिवशी किती, यातला फरक जोमाची कल्पना देतो. पाचव्याच दिवशी बहुतेक सगळे आले तर बियाणं ताठ आहे. निम्मे रेंगाळत आठव्या दिवशी आले तर आकडा सारखा असला तरी त्या बियाण्यावर भरवसा कमी ठेवा. शक्य असेल तर घराशेजारच्या मातीत, रानात पेरतो तेवढ्याच खोलीवर, आणखी शंभर दाणे टोकून पाहा. गोणपाट आणि माती यांत पंधरा-वीसचा फरक पडला, तर जोम गेला आहे असं समजा.

आकड्यावरून पेरा किती

सोयाबीनला बियाणं म्हणून किमान 70 टक्के उगवण हवी. एकरी 30 किलो ही शिफारस त्याच आकड्यावर बसवलेली आहे. शंभर दाण्यांचं वजन 12 ग्रॅम धरलं तर 30 किलोत अडीच लाख दाणे येतात. 70 टक्क्यांनी पावणेदोन लाख रोपं झाली. 45 बाय 5 सेंटिमीटरवर एकरात साधारण तितकीच झाडं बसतात. 65 टक्के उगवण असेल तर साधारण 32.5 किलो, 60 असेल तर 35 किलो. 60 च्या खाली गेलेलं बियाणं वाढवून पेरू नका. त्यात उरलेली रोपंही दुबळी असतात आणि रान अर्धवटच भरतं. ते बाजाराला द्या आणि आधीच दुसऱ्या बियाण्याची सोय लावा. मेच्या शेवटी कळलं तर हातात दहा-पंधरा दिवस असतात. आमच्याकडे 2020 मध्ये ते दहा-पंधरा दिवसही नव्हते.

विकत घेतलेल्या पिशवीचीही अशीच तपासणी करा. टॅगवरची उगवण चाचणीच्या तारखेची असते, आणि चाचणीनंतर नऊ महिन्यांपर्यंत तो टॅग वैध धरतात. त्या नऊ महिन्यांत पिशवी कुठल्या गोदामात उभी होती ते टॅगवर नसतं. पिशवी वरची शिवण न तोडता खालच्या बाजूने उघडा, टॅग, पावती आणि मूठभर बियाणं राखून ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीपुढे हे तिन्ही लागतात.

जूनचे ते पंधरा दिवस

मे संपेपर्यंत सगळं नीट सांभाळलेलं बियाणं पहिल्या दोन पावसांत ओल धरतं. दमट वारा सुटला की खोलीच्या खिडक्या बंद ठेवा, पोत्यांवर ताडपत्री ओढा. ऊन पडेल त्या दिवशी सकाळी दार उघडून पोत्यांना हवा द्या. पेरणी लांबली तर पोती तशीच विसरू नका. दाणा दातात धरून पाहा आणि मऊ लागला तर सकाळच्या उन्हात दोन तास पसरा.

बीजप्रक्रिया पेरणीच्या दिवशीच, आधी नाही. आधी बुरशीनाशक, ते सुकल्यावर जीवाणू खत, आणि सगळं सावलीत. लोखंडी फावड्याने घुसळायचं नाही, ताडपत्रीच्या दोन कोपऱ्यांना धरून हलकं लोळवायचं.

सोयाबीनपलीकडची पिकं

तूर, मूग, हरभरा यांचं मुख्य दुखणं ओल नाही, भुंगेरा आहे. मादी शेतातच शेंगांवर अंडी घालते, आणि साठवणीत दाण्यालाच अंडी चिकटवते. पांढरे ठिपके दिसले की समजा आत अळी शिरली. उन्हाळ्याच्या तापमानात महिनाभरात नवी पिढी भोक पाडून बाहेर पडते. इथे हवाबंद भांडं खरोखर कामाचं, कारण हवा संपली की किडा मरतो. आमची आजी तुरीला बारीक चाळलेली राख लावून मडक्यात भरायची आणि तोंड शेणाने लिंपायची. राखेने किड्याच्या अंगावरचा मेणचट थर खरवडला जातो, तो सुकून मरतो, शिवाय दाण्यावरून घसरत चालणं त्याला जमत नाही. गोड्या तेलाचा किलोला 5 मिली हात दिला तरी अंडी चिकटत नाहीत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना 2020 ची पद्मश्री मिळाली, त्यांच्या बियाणे-बँकेत गावरान बियाणं मातीच्या मडक्यांत, राख घालून जपलं जातं. घरात सेल्फॉसच्या (धान्यातली कीड मारायच्या विषारी) गोळ्या ठेवण्याचा विचार कोणी करत असेल तर नका करू. त्याचा वायू माणूस मारतो.

भुईमूग शेंगेतच ठेवा आणि पेरणीच्या आठ-दहा दिवस आधी हाताने फोडा. फोडलेला दाणा महिनाभरात तेल सोडू लागतो. कांद्याचं बी फार अल्पायुषी. मागच्या वर्षाचं बी वापरायचं असेल तर तपासल्याशिवाय गादीवाफ्यावर टाकू नका. गहू-ज्वारी त्या मानाने सोशिक, नीट वाळवलं तर ती सोयाबीनएवढी दगा देत नाहीत.

पेरताना

75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन वापसा आला की पेरा, आणि 3-4 सेंटिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका. उगवण 70 च्या आसपास असलेल्या बियाण्याला खोली तर फारच महागात पडते. पेरून झालं की प्रत्येक पोत्यातलं पाव किलो बियाणं त्याच पोत्याच्या चिठ्ठीसकट बरणीत बाजूला ठेवा. दहाव्या दिवशी तासात एक मीटर लांबीची पाच ठिकाणं मोजा. पाच सेंटिमीटरवर एक रोप धरलं तर मीटरला वीस रोपं हवीत. चौदा-पंधराच दिसली, तर त्याच दिवशी बरणीतले शंभर दाणे गोणपाटात टाका. गोणपाटात नीट आले तर दोष खोलीचा किंवा जमिनीवरच्या पापडीचा, आणि तिथे त्याच बियाण्याने नांगे (रिकाम्या जागा) भरता येतात. गोणपाटातही आले नाहीत, तर ते पोतं बाजूला काढा आणि नांगे दुसऱ्या बियाण्याने भरा.